मिशी आणि आठ महिन्यांचं भाडं

आमचं घर खाली करा म्हणून जी नोटीस आली, ती मीच टाईप केली होती. तीन प्रती, मधे दोन कार्बन, एकही खाडाखोड नाही.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. सत्तर साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. कोल्हापुरात एका दिवाणी वकिलांच्या कचेरीत मी टायपिस्ट होते आणि मला एकशेचाळीस रुपये पगार होता. पगार झाला की त्यातले पस्तीस रुपये मी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हातात ठेवत असे. ते घरभाड्याचे. आबा एका खाजगी शाळेत ड्रॉइंग मास्तर होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते, आणि पेन्शन हा शब्द त्यांच्या शाळेत फक्त सरकारी शाळांबद्दल बोलताना वापरत. घराचा कर्ता पुरुष आपणच आहोत एवढं त्यांना वाटत राहावं म्हणून भाडं मालकांना त्यांनीच नेऊन द्यायचं, असं आईनं ठरवलं होतं.

आम्ही मंगळवार पेठेत राहत होतो. पुढच्या भागात घरमालक आणि त्यांचं कुटुंब, मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं, मधे चौकात दोघांचा मिळून एक नळ. मालकांची लाकडाची वखार होती. माणूस मोठ्या आवाजाचा, पण वाईट नव्हता. ‘मास्तर’ म्हणून आबांना मान द्यायचा आणि छप्पर गळतं म्हटलं की तेवढाच मान देऊन विषय बदलायचा.

कचेरीत वकीलसाहेबांचं टेबल आणि माझं मशीन यांच्यामधे एक फळ्यांची भिंत होती. पलीकडचं बोलणं सगळं ऐकू यायचं. अशिलाला मात्र वाटायचं आपण खाजगीत बोलतोय. एका सकाळी पलीकडून ओळखीचा आवाज आला.

“आठ म्हयनं झालं साहेब, एक दमडी न्हाय. इचारलं की गप बसतंय. म्हातारा मास्तर हाय, म्हणून आजवर सोसलं.”

मला त्या म्हाताऱ्या मास्तरांची कीव आली. पेठेत मास्तर पुष्कळ होते.

साहेबांनी हाक मारली तशी मी वही-पेन्सिल घेऊन आत गेले. खुर्चीत आमचे मालक बसले होते. मला बघून ते अर्धवट उठले आणि परत बसले.

“तू हितं?”

“मी इथंच असते, मालक.”

“ओळख आहे वाटतं?” साहेबांनी विचारलं.

“शेजारी हाय की आमच्या,” मालक म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

साहेब मजकूर सांगू लागले. नोटिशीची भाषा ठरलेली असते: आमचे अशील यांनी दिलेल्या माहितीवरून तुम्हांस कळविण्यात येते की, तुम्ही माहे अमुकपासून भाडे दिलेले नाही, आठ महिन्यांची थकबाकी दोनशे ऐंशी रुपये झाली आहे. मी लिहीत होते. आठ महिने माझ्या पगारातून पस्तीस-पस्तीस रुपये गेले होते. ते कुठं गेले याचा विचार करायला हाताला सवड नव्हती. साहेब म्हणाले, “जागेचं वर्णन आणि चतुःसीमा यांना विचारून घाल,” आणि दुसऱ्या कागदात शिरले. मी बाहेर आले, मशीनमधे कागद चढवला आणि टाईप करून टाकलं: पूर्वेस अशिलांचे राहते घर व सामाईक चौक, पश्चिमेस बोळ, उत्तरेस शेजारच्यांची भिंत, दक्षिणेस संडास. खोल्या दोन, पैकी मागील खोलीचे छप्पर गळके. हे शेवटचं वाक्य लिहायचं कारण नव्हतं, पण हात थांबला नाही.

साहेबांनी वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “हे सगळं यांनी कधी सांगितलं?”

“सांगितलं नाही, साहेब. मी तिथंच राहते. ते मास्तर माझे वडील.”

वकीलसाहेबांनी कागद खाली ठेवला. मग चष्मा काढून मालकांना म्हणाले, “तुम्ही हे काम दुसऱ्या कुणाकडे न्या. हे बरं दिसत नाही.”

“का? फी भरलीया की तुमची!” मालक म्हणाले. “आन् पोरगी काय खोटं लिवणार हाय व्हय? चांगल्या वळणाची हाय. मी ल्हानपणापासनं बघतोय तिला.”

साहेबांनी मला विचारलं, “तुझी हरकत?”

“टायपिंगला नाही, साहेब. पण छपराचं वाक्य राहू दे.”

“ते काढ,” साहेब म्हणाले. “तू आपल्या अशिलाविरुद्ध लिहिते आहेस.”

मी काढलं. त्यानंतर साहेबांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. ते मालकांशी बोलत होते, पण फळ्यांच्या भिंतीपलीकडे मी माझ्या जागेवर जाऊन बसेपर्यंत थांबले आणि मग पहिल्यापेक्षा दीडपट आवाजात बोलू लागले.

“नीट ऐका. नोटीस पोचल्यावर भाडेकरूला एक महिना मिळतो. सहा महिन्यांच्या वर थकलंय. या महिन्यात त्यानं सगळी बाकी भरली नाही, तर कोर्टाला दयामाया दाखवायची सोय कायद्यानं ठेवलेली नाही. घर तुमचं. पण महिन्याच्या आत त्यानं पै अन् पै दिली तर तुमचा दावा तिथंच संपला. आणि त्यानं रीतसर दिलेलं तुम्ही घेतलं नाहीत, तरीसुद्धा...”

एवढ्यात चहावाला आला. मालक म्हणाले, “च्या घ्या साहेब, गार व्हतोय.” साहेबांनी वाक्य पुरं केलं, “...तरीसुद्धा दिल्यासारखंच धरतात,” पण मालक तेव्हा बशीत चहा ओतत होते. माझ्या टेबलावर चहा आला नव्हता. मी पुरतं ऐकलं.

त्या दुपारी पोस्टात जाऊन ती नोटीस मीच रजिस्टर केली, पोहोच पावतीच्या जादा पैशांसह. पोस्टातला कारकून म्हणाला, “बाई, पत्ता तर इथलाच आहे, हातानं दिली तर चालली असती की.”

संध्याकाळी घरी गेले तेव्हा आबा उजेडाला बसून कुणाच्या तरी दुकानाची पाटी रंगवत होते. मी चप्पल काढायच्या आधी विचारलं, “आबा, भाडं दिलं का?”

“बघतोय,” आबा म्हणाले. हे त्यांचं नाही म्हणण्याचं पेटंट उत्तर होतं.

आईनं चुलीवरचं खाली उतरवून ठेवलं आणि दारात येऊन उभी राहिली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

साधारण वर्षापूर्वी मालक आबांकडे त्यांच्या वारलेल्या वडिलांचा एक फोटो घेऊन आले होते. बोटभर फोटो, तोही लग्नातल्या घोळक्यातला, कापून काढलेला. त्यावरून मोठं ऑईल पेंटिंग करून द्या म्हणाले. पैशाचं आबांनी विचारलं तर म्हणाले, “बघू की मास्तर, घरचंच काम हाय.” आमच्या गावात चित्रकाराची कमी नाही आणि चित्रकाराला घरचं काम सांगणाऱ्यांची तर अजिबातच नाही. आबांनी आयुष्यभर पोरांकडून पेला आणि चेंडू काढून घेतले होते. निवृत्तीनंतर कुणीतरी त्यांना खरं चित्र मागितलं होतं. त्यांनी कॅनव्हास आणला, चांगले रंग आणले, वर सोनेरी फ्रेमही करून घेतली. यात तीन महिन्यांचं भाडं गेलं. शेवटी हिशोब एकमेकांत फिटेल अशी त्यांची समजूत.

चित्र झालं. मालकांनी सगळ्या घरादाराला बोलावून बघितलं आणि म्हणाले, “झकास! पर मास्तर, मिशी आमच्या बापाची न्हाय ही.”

“फोटोत हीच आहे,” आबा म्हणाले.

“फोटोत दिसंना झालीया. बापाची मिशी अशी वर व्हती. ही खाली पडल्याली हाय. ही मामाची मिशी वाटतीया.”

चित्र त्यांनी ठेवून घेतलं, बैठकीच्या भिंतीवर लावलं, त्याला हार घातला. पैसे मात्र मिशीपायी अडले. मग आबांनी पुढचे पाच महिने भाडं दिलं नाही. कुणाला सांगितलं नाही, कुणाशी भांडले नाहीत. मी दिलेले पस्तीस रुपये दर महिन्याला ब्रशांच्या पत्र्याच्या डब्यात घालून ठेवले.

“हा सत्याग्रह आहे,” आबा म्हणाले.

“सत्याग्रहात समोरच्याला सांगतात तरी,” आई म्हणाली. बस, एवढंच. पण त्यानंतर चार दिवस ती आबांना जेवायला वाढायची, बोलायची नाही.

नोटीस दुसऱ्या दिवशी आली. आबांनी सही करून ती घेतली, चष्मा लावून उभ्या उभ्या वाचली आणि मला म्हणाले, “टायपिंग सुरेख आहे.”

मी कचेरीत गेले तेव्हा साहेबांनी मला समोर उभं केलं. “हे बघ. मालक माझे अशील आहेत. त्यामुळे तुला सल्ला म्हणून मी एक अक्षर सांगणार नाही, तू विचारायचंही नाही. समजलं?”

“समजलं, साहेब.”

“आता कामाचं. त्या कपाटातल्या तिसऱ्या फळीवर भाडे कायद्याचं पुस्तक आहे. हिरवं. फार धूळ बसली आहे त्याच्यावर. दुपारच्या सुट्टीत पुसत जा. आतली पानंसुद्धा.”

मी आठवडाभर ते पुस्तक पुसलं. इंग्रजी होतं आणि एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. पण साहेबांचा मजकूर टाईप करून करून मला त्या भाषेची खोड कळली होती: आधी सगळे ‘परंतु’ आणि ‘जर’ बाजूला काढून ठेवायचे, मग उरतं ते वाचायचं. भाड्याची रक्कमच अवाजवी वाटत असेल, तर नोटिशीपासून महिन्याच्या आत कोर्टाकडे वाजवी भाडं ठरवून मागता येतं. आमचं भाडं अवाजवी नव्हतं. उलट लाजिरवाणं कमी होतं. छप्पर गळत असेल तर मालकाला लेखी कळवून, ठराविक मर्यादेत स्वतः दुरुस्ती करून तेवढं भाड्यातून वळतं करता येतं. आम्ही लेखी कधीच कळवलं नव्हतं. आई बादली लावायची. मालकानं पाणी तोडलं तर कोर्टात अर्ज करता येतो. मात्र मालकानं चित्राचे पैसे दिले नाहीत म्हणून भाडं अडवता येतं, असं कुठल्याही पानावर नव्हतं. मी सूचीसुद्धा बघितली.

हे मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, “कायदा करणाऱ्यांत चित्रकार नसणार.”

दोनशे ऐंशी रुपये उभे करायचे होते. डब्यात एकशे पंचाहत्तर निघाले. मी मनगटी घड्याळासाठी साठ रुपये साठवले होते, ते ठेवले. पंचेचाळीस कमी पडत होते. आई उठली आणि पुढच्या घरात मालकीणबाईंकडे गेली. पेठेतल्या बायकांची भिशी मालकीणबाई चालवायच्या. आईचा नंबर दिवाळीत होता. तो आधी द्या म्हणाली. मालकीणबाईंनी कशाला, काय, असं काही विचारलं नाही. शेजारच्या खोलीत मालक वर्तमानपत्र वाचत बसले होते, त्यांच्या डोक्यावर हार घातलेलं ते चित्र. त्यांच्या देखतच मालकीणबाईंनी फडताळ उघडून आईच्या हातात पैसे दिले आणि वर म्हणाल्या, “मोजून घ्या वैनी, आमच्यात भांडणं नकोत.”

पैसे जमले म्हणून आबा आणि मी रविवारी सकाळी मालकांकडे गेलो. आबांनी धुतलेला सदरा घातला होता. त्यांनी नोटा पुढे केल्या.

मालकांनी हात मागे घेतले. “मास्तर, आता न्हाय. आता कोर्टात काय व्हईल ते व्हईल.”

“अहो, पण तुम्हीच नोटीस दिलीत ना, पैसे द्या म्हणून?”

“दिली की. तुमी न्हाई दिलं न्हवं?”

“हे काय, देतोय.”

“ते मला ठावं हाय, म्हणून तर घेत न्हाय.”

मग कळलं. एका कापड दुकानदाराला गोदामासाठी आमच्या खोल्या हव्या होत्या. भाडं महिन्याला दीडशे, आणि वर पागडी. छप्पर दुरुस्त करून घ्यायलाही तो तयार होता. आठ वर्षं माणसं भिजली तेव्हा न दुरुस्त झालेलं छप्पर कापडासाठी दुरुस्त होणार होतं.

आबा परत फिरले. भिंतीवरच्या चित्राकडे त्यांनी बघितलं नाही, मी बघितलं. बाप चांगला रागीट उतरला होता. मिशी मात्र खरंच जरा उतरती होती.

सोमवारी मी पोस्टातून दोनशे ऐंशी रुपयांची मनीऑर्डर केली. खालच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरांत लिहिलं: नोटिशीतील मागणीप्रमाणे आठ महिन्यांचे संपूर्ण भाडे. बुधवारी पोस्टमन आला. मालक ओट्यावर बसले होते. आम्ही मागच्या दारातून ऐकत होतो.

“दोनशे ऐंशी. सही करा.”

“कुणाचं?”

“मास्तरांचं की. मागं राहत्यात ते.”

“घेत न्हाय.”

पोस्टमन मुरलेला होता. “मालक, घरबसल्या आल्याली लक्ष्मी हाय. बघा बरं.”

“न्हाय म्हणलं न्हवं!”

पोस्टमननं लाल शाईनं ‘घेण्यास नकार’ असं लिहिलं, तारीख घातली आणि चौक ओलांडून पैसे आणि तो कागद आम्हाला आणून दिला. आईनं त्याला गूळपाणी दिलं. कोर्टात पुढं जे काही झालं ते त्या लाल शाईच्या दोन शब्दांवर झालं.

पुढच्या आठवड्यात मालकांनी चौकातल्या नळाला कुलूप लावलं. मी अर्ज लिहायला बसले. आई म्हणाली, “अर्ज राहू दे,” आणि कळशी घेऊन पुढच्या दारानं मालकांच्या घरात शिरली. बैठकीतून, माजघरातून, त्यांच्या मोरीतल्या नळावर. मालकीणबाईंनी बाजूला होऊन वाट दिली. एक कळशी, दुसरी कळशी, मग घागर, मग बादली. ओल्या पायांनी येजा, पुसलेल्या फरशीवर पाण्याची धार. कुणी आलंगेलं बसलेलं असलं तरी आई थांबायची नाही, “बसा पावणं” म्हणून पुढे जायची. तिसऱ्या दिवशी वखारीचे दोन व्यापारी बैठकीत असताना ती सहाव्यांदा गेली. त्या संध्याकाळी कुलूप निघालं. त्या हिरव्या पुस्तकात हा उपाय नव्हता.

महिना संपला आणि मालकांनी दावा लावला. साहेबांनी त्यांना समजावलं होतं की मनीऑर्डर परत करून तुम्ही स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतली आहे. मालकांचं म्हणणं, एकदा उगारलेला हात खाली घेतला तर पेठेत तोंड दाखवता येणार नाही. दावाअर्जही मीच टाईप केला. आई म्हणाली, “नोकरी सोड ही.” आबा म्हणाले, “सोडली तर भाडं कशातनं भरायचं?” आणि वर, “आणि दुसऱ्या कुणी टाईप केलं तर किती चुका करतील.”

आमच्या बाजूनं एक नवा वकील मिळाला. पेठ वडगावचा पोरगेला तरुण, रोज एस्टीनं यायचा, कोट हातावर घेऊन यायचा आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर चढवायचा. आमचा दावा हा त्याचा पहिलाच. पहिल्या तारखेला त्यानं आम्हाला कोर्टाच्या नाझरकडे, म्हणजे पैसे भरून घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे नेलं. सगळं थकलेलं भाडं, मधल्या महिन्यांचं भाडं आणि खर्चाची रक्कम भरून पावती घेतली. “निकाल लागेपर्यंत दर महिन्याला इथं भरायचं, एकही महिना चुकवायचा नाही,” त्यानं बजावलं. आबा प्रत्येक महिन्याला छत्री घेऊन जायचे. मालकांना हातानं द्यायला जे जमलं नाही ते खिडकीतून सरकारला द्यायला त्यांना काहीच जड गेलं नाही.

भांडण झालं ते कैफियतीवरून. दाव्याला जे लेखी उत्तर द्यायचं त्याला कैफियत म्हणतात. आबांनी ती स्वतः लिहून आणली होती, बारा पानं. त्यातली नऊ चित्राबद्दल होती: प्रकाश डावीकडून, त्वचेचा रंग, मूळ फोटोतली सावली.

तरुण वकिलानं हात जोडले. “मास्तर, भाडं वेगळं, चित्र वेगळं. हे दोन्ही एकत्र केलं की मालक म्हणतील, बघा, भाडं मुद्दाम अडवलं होतं. आपलं म्हणणं एकच: दिलं, त्यांनी घेतलं नाही. चित्राच्या पैशांसाठी वेगळा दावा लावू.”

“म्हणजे चित्राबद्दल एक शब्दही येणार नाही?”

आबांचा चेहरा बघून त्या पोरालाच वाईट वाटलं. “बघतो,” तो म्हणाला.

दीड वर्षानं मालक पिंजऱ्यात उभे राहिले. समोर माझे साहेब, या बाजूला आमचा तरुण वकील. मी साहेबांची फाईल घेऊन त्यांच्या मागे बसले होते, कारण तीच माझी नोकरी होती. मनीऑर्डरचा कागद दाखवून झाला. सही नाकारली, पैसे नाकारले, सगळं कबूल झालं. गोदामाचंही मालकांनी कबूल केलं. लपवालपवी त्यांना जमायची नाही. आमचा वकील बसायला लागला, आणि मग मागे आबांकडे बघून परत उभा राहिला.

“तुमच्या बैठकीत एक तैलचित्र आहे?”

साहेब उठले. “याचा दाव्याशी संबंध नाही.”

न्यायाधीश दिवसभर मोजणीचे नकाशे बघून कंटाळले असावेत. “विचारू द्या,” ते म्हणाले.

“हाय,” मालक म्हणाले.

“कुणाचं?”

“माझ्या वडलांचं.”

“कुणी काढलं?”

“मास्तरांनी.”

“पैसे दिलेत?”

“न्हाय.”

“का?”

“मिशी चुकलीया.”

“चित्र तुमच्या वडिलांचं वाटत नाही?”

“न्हाय वाटत.”

“मग रोज हार का घालता?”

मालकांनी कठडा धरला. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. “अहो, मिशी चुकली म्हणून बाप टाकून देतुय व्हय?”

कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी रुमाल तोंडावर धरला. साहेब हसले नाहीत, पण त्यांचे खांदे हलत होते. आबा एकटेच हसले नाहीत. ते मालकांकडे असे बघत होते जसं शाळेत एखाद्या ढ पोरानं अचानक बरोबर रेघ ओढल्यावर बघायचे.

निकाल आमच्या बाजूनं लागला. महिन्याच्या आत भाडं दिलं होतं, मालकांनी घेतलं नाही, सबब दावा रद्द. चित्राचा निकालात उल्लेख नव्हता. साहेबांनी व्हरांड्यात मालकांना सांगितलं, “मी पहिल्या दिवशीच म्हणालो होतो.”

“कवा?” मालक म्हणाले. “मला तर अर्धंच ऐकू आलं.”

त्याच महिन्यात साहेबांनी माझा पगार वीस रुपयांनी वाढवला. कारण सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

निकालानंतर आठएक दिवसांनी आबा रंगांची पेटी घेऊन पुढच्या घरात गेले. मी घाबरून मागे गेले. मालक बैठकीत होते. आबा म्हणाले, “चित्र खाली घ्या.”

“न्यायला आलाय व्हय?” मालकांचा आवाज एकदम बारीक झाला.

“नाही. मिशी कशी होती ते दाखवा.”

मालकांनी स्वतःच्या ओठांवर बोट फिरवून दाखवलं. मग मालकीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, अशी नाही, मामंजींची टोकं आणखी वर होती. मग दोघा नवरा-बायकोत वाद झाला. आबा शांतपणे ब्रश धरून उभे राहिले, निकालाची वाट बघत. तासाभरात मिशी वर गेली. घरी आल्यावर ते आईला म्हणाले, “खरं सांगायचं तर चुकली होतीच. फोटोत नाकाची सावली पडली होती, मी तिलाच मिशी समजलो.”

“हे आधी कळलं असतं तर?” आईनं विचारलं.

“आधी कळलंच होतं,” आबा म्हणाले. “पण त्यांनी सगळ्यांसमोर सांगायला नको होतं.”

मालकांनी चित्राचे दीडशे रुपये दोन हप्त्यांत दिले. आबांनी त्यातून छपरावर नवी कौलं घातली, आणि यावेळी आधी लेखी कळवून.

त्या खोल्यांत आबा आणखी सात वर्षं राहिले आणि तिथंच गेले. माझं लग्न गावातच झालं होतं. शेवटी मी आईला माझ्याकडे आणायचं ठरवलं. तोवर दिवस बदलले होते. भाडेकरूनं जागा सोडायची तर मालकाकडून घसघशीत रक्कम घेतल्याशिवाय कुणी सोडत नसे. सगळ्यांनी आईला तसंच सांगितलं, माझ्या सासरच्यांनीसुद्धा. मी तर त्याचा कायदाही सांगू शकले असते.

आईनं ऐकून घेतलं. मग सामान टेम्पोत चढवलं, दोन्ही खोल्या झाडून काढल्या आणि किल्ली मालकांच्या हातात दिली. ते आता थकले होते, वखार मुलांकडे होती.

“वैनी, किती द्यायचं सांगा,” ते म्हणाले. त्यांची तयारी होती. खिशावर हात होता.

“काही नाही,” आई म्हणाली. “कौलं तेवढी बघत जा, दक्षिणेकडची सरकतात.”

टेम्पोत ती माझ्या शेजारी बसली आणि टेम्पो दसरा चौकात आला. मी म्हटलं, “निदान पाच हजार तरी मागायची होतीस.”

ती म्हणाली, “मागितले असते तर दिले असते त्यांनी. म्हणून नाही मागितले.”

मला ते तेव्हा पटलं नाही. वकिलांच्या कचेरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ते पटणं कठीणच. टेम्पोवाल्यानं विचारलं, “मावशी, सावकाश घेऊ का? भांडी वाजत्यात.” आई म्हणाली, “वाजू देत.”